बेटावरचा संसार
(आकाशवाणीवरील भाषण)



‘बेट’ हा शब्द आपल्या वर्धा जिल्ह्यांतील मुलाला प्रथम भेटतो तो शेताच्या बांधावर. वेळूच्या दाट जाळीला आपण बांबूचें बेट म्हणतों. पुढें भूगोलाचें पुस्तक हातीं येतें आणि ‘चोहोंकडून पाण्यानें वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात’ अशी व्याख्या त्यांत सांपडते. मूल ती पाठ करतें, परीक्षेंत लिहितें आणि विसरून जातें. माझ्या सबंध नोकरींत मींहि ती व्याख्या मुलांकडून घोकून घेतली. परंतु तींत एक गोष्ट राहून गेली आहे, हें मला सेवानिवृत्तीनंतर उमगलें. भूभागाभोवतीं पाणी असतें हें खरें. पण पुष्कळ ठिकाणीं त्या भूभागावर माणसेंहि असतात. तेथें चुली पेटतात, बाळंतपणें होतात, मुलें शाळेंत जातात. हा संसार कशाच्या आधारावर चालतो आणि केव्हां मोडतो, हें आज मला आपणांपुढें मांडावयाचें आहे.

ही उणीव माझ्या ध्यानांत फार पूर्वींच यावयास हवी होती. तरुणपणीं वेणा नदीच्या कांठीं एका लहान गांवीं माझी नेमणूक झाली होती. एका अंगास नदी आणि उरलेल्या बाजूंना वळसा घालून नदीला मिळणारा नाला, अशी त्या गांवाची बसकण होती. उन्हाळ्यांत नाल्यांत रेती आणि बैलगाडीची चाकोरी एवढेंच काय तें दिसे. पण आषाढाचा पाऊस लागला कीं नदीचें पाणी नाल्यांत फुगे आणि गांव चोहोंकडून वेढलें जाई. कधीं एक दिवस, कधीं चार दिवस. मृगाच्या आधींच लोक मीठ, राकेल, आगपेट्या आणि तुरीची डाळ भरून ठेवीत. माझ्या तेथील चौथ्या पावसाळ्यांत एके रात्रीं एक बाई अडली. सुईणीनें हात टेकले. नाला दुथडी भरून चालला होता. गांवकऱ्यांनीं ट्रॅक्टरच्या चाकांच्या ट्यूबा हवा भरून खाटेच्या चारी खुरांना बांधल्या आणि बाईला खाटेवर निजवून आठ गडी पाण्यांत उतरले. चौघे दोराला, चौघे खाटेला. मी कंदील धरून कांठावर उभा होतों. पलीकडे पोंचावयास पाऊण तास लागला. तेथून बैलगाडी, पुढें मोटार आणि मग दवाखाना. बाई वांचली, मूल हातीं लागलें नाहीं. त्या आठ जणांचे ओले चेहरे मला आजहि आठवतात. परंतु आपण बेटावर राहत आहों, असें तेव्हां आमच्यापैकीं कोणाच्याच मनांत आलें नाहीं.

पुढें पुष्कळ वर्षांनीं ही गोष्ट माझ्या नातवंडांनीं माझ्या मनांत जागी केली. एका वैशाखांत मी नातवाला आणि नातीला घेऊन पवनारास धाम नदीच्या पात्रांत हिंडावयास जात असें. सकाळीं सहाला निघावें आणि ऊन तापण्यापूर्वीं घरीं परतावें, असा आमचा नेम. उन्हाळ्यांत धामेचें पाणी आटून डोह तेवढे उरतात, आणि डोहांमध्यें काळ्या खडकांचीं, गवताचीं लहान लहान बेटें उघडीं पडतात. मुलांनीं त्या प्रत्येकाला नांव दिलें, कागदावर त्यांचा नकाशा काढला आणि टिटवीचीं अंडीं असलेलें एक बेट ‘बंद’ म्हणून जाहीर केलें. एके दिवशीं नातवानें विचारलें, “आबाजी, असल्या बेटावर कोणी घर करून राहतें का?” नात म्हणाली, “हें पाणी समुद्रांत जातें, तर मग मालवणच्या समुद्रांतहि हेंच पाणी असेल.” दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मीं तेथल्या तेथें दिलें. धाम वेणेला मिळते, वेणा वर्धेला. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरींत शिरते आणि गोदावरी पूर्वेकडे बंगालच्या उपसागरांत जाते. मालवणचा समुद्र पश्चिमेचा; आपल्या नदीचें पाणी त्या वाटेनें जात नाहीं. पहिल्या प्रश्नाला मात्र पुस्तकांतलें उत्तर पुरेना. म्हणून पुढच्या वर्षीं मे महिन्यांत आम्ही मालवणास गेलों.

मालवणच्या किनाऱ्यासमोर, एका किलोमीटरच्या आंतच, कुरटे नांवाचें खडकाळ बेट आहे. त्याच बेटावर छत्रपति शिवाजी महाराजांनीं १६६४ ते १६६७ या काळांत सिंधुदुर्ग बांधविला. सुमारें ४८ एकरांचें हें बेट; त्याच्या कडेकडेनें नागमोडी फिरलेला तट सुमारें ३ किलोमीटर भरतो. दरवाजा बुरुजांच्या आड असा दडविला आहे कीं होडी अगदीं जवळ जाईपर्यंत तो दिसत नाहीं. आंत शिवराजेश्वराचें मंदिर आहे. तें राजाराम महाराजांनीं बांधविलें. हा इतिहास आपण पुस्तकांतून वाचतों. परंतु या तटाच्या आंत आजहि थोडीं कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीं आहेत, हें माझ्या नातवंडांना ठाऊक नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर मलाहि पुरतें ठाऊक नव्हतें.

होडींतून उतरतांच मुलांनीं पहिली गोष्ट विचारली ती वाऱ्याची. वर्ध्यास त्या आठवड्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत होता. येथें घाम येत होता, पण अंग भाजत नव्हतें. कारण सोपें आहे. जमीन लौकर तापते, पाणी सावकाश तापतें. दिवसा जमिनीवरची हवा तापून वर जाते आणि तिची जागा भरावयास समुद्रावरची थंड हवा किनाऱ्याकडे धांवते. आपल्या वर्ध्यास समुद्र शेंकडों किलोमीटर दूर. आपणांस तो वारा मिळणार कोठून?

दुसरा प्रश्न पाण्याच्या चढउताराचा. सकाळीं खडकांच्या खळग्यांतून खेकडे आणि शंख शोधीत मुलें जेथें फिरलीं, तेथें दुपारीं कंबरभर पाणी होतें. समुद्राला दिवसांतून साधारणपणें दोन वेळां भरती येते आणि एका भरतीपासून दुसरी भरती सुमारें १२ तास २५ मिनिटांनीं येते. म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढें सरकते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास पाणी फार चढतें व फार ओसरतें. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार बेताचा असतो. त्यास भांग म्हणतात. आमच्या नावाड्याच्या हातांत घड्याळ होतें, पण त्यानें वेळ सांगितली ती तिथीवरून.

तटाच्या आंत एका घराच्या ओसरीवर आम्ही कोकमाचें सरबत घेत बसलों. घरची बाई वयानें माझ्या धाकट्या बहिणीएवढी. माझी नात तिला एकामागून एक प्रश्न विचारूं लागली. दुकान कोठें आहे? शाळा कोठें आहे? रात्रीं भीति वाटत नाहीं का? बाई हंसून म्हणाली, “बाळ, आमचें दुकान, शाळा आणि दवाखाना हीं सारीं त्या होडींत आहेत. होडी चालली कीं सगळें आहे. होडी थांबली कीं कांहीं नाहीं.” मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, “काका, तुम्ही मे महिन्यांत आलां म्हणून हें हंसतें-खेळतें दिसतें. जुलैंत येथें येऊन पाहा.”

जुलैंत तेथें जातांच येत नाहीं. मे महिना संपतां संपतां समुद्र खवळूं लागतो. प्रवाशांच्या होड्या बंद होतात त्या थेट सप्टेंबरपर्यंत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाहि १ जून ते ३१ जुलै बंदी असते. तो माशांच्या विणीचा काळ. मग घरांत जें सांठविलें असेल त्यावरच दिवस काढावयाचे. तांदूळ, डाळ, मीठ, तेल, सुकी मासळी, जळण आणि औषधाच्या गोळ्या यांचा हिशेब बाईनें मला बोटांवर मोजून दाखविला. शिकणारीं मुलें मालवणांत नातलगांकडे राहतात. कित्येक घरें पावसाळ्यापुरतीं किनाऱ्यावर उतरतात आणि आश्विनांत परततात. जीं मागें राहतात, त्यांना एक किलोमीटर पाणी हजार किलोमीटरांसारखें होतें. तो हिशेब ऐकतांना मला माझ्या वेणाकांठच्या गांवांतील मिठाची गोणी आणि राकेलचा डबा आठवला.

आतां पाण्याविषयीं. चोहोंकडे खारा समुद्र आणि मध्यें गोड्या पाण्याच्या विहिरी, हें मुलांना जादूसारखें वाटलें. सिंधुदुर्गावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. नांवेंच सांगतात कीं लोकांनीं त्या पाण्याला केवढा मान दिला. यांत जादू नाहीं. बेटावर पडलेलें पावसाचें पाणी जमिनींत आणि खडकांच्या भेगांत मुरतें. गोडें पाणी खाऱ्या पाण्याहून हलकें असतें, म्हणून जेथें जमीन सच्छिद्र असते तेथें तें आंतल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. अशा ठिकाणीं समुद्रसपाटीच्या वर १ फूट गोडें पाणी सांचलें, तर त्याच्या खालीं सुमारें ४० फूट गोडें पाणी असूं शकतें, असा भूजलशास्त्राचा ठोकताळा आहे. परंतु त्यांतच धोकाहि आहे. वरचें पाणी भरमसाट उपसलें, तर खालचें खारें पाणी वर चढतें आणि विहीर बिघडते. म्हणून जेथें पाणी बादलीनें, मोजून काढतात, तेथें ती कंजुषी समजूं नये. तेंच तेथलें शास्त्र आहे.

मालवणहून परत येतांना मुंबईंत थांबून आम्ही घारापुरी पाहिली. गेटवे ऑफ इंडियापासून सुमारें १० किलोमीटरांवरील या बेटावरचीं लेणीं जगांत प्रसिद्ध आहेत. पण तेथें शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वस्त्या आहेत आणि त्यांत संसार करणारीं माणसें आहेत, हें लेणीं पाहून परतणाऱ्या प्रवाशांपैकीं किती जणांना ठाऊक असतें? समोर मुंबईचे लाखों दिवे झगमगत असतां या वस्त्यांना वर्षानुवर्षें संध्याकाळच्या कांहीं तासांपुरता जनित्राचा उजेड मिळे. समुद्राच्या तळाशीं सुमारें साडेसात किलोमीटर तार टाकून फेब्रुवारी २०१८ मध्यें तेथें कायमची वीज आली. म्हणजे स्वातंत्र्यानंतर ७० वर्षांनीं! तेव्हां बेट दूर कीं जवळ, हें किलोमीटरांवर ठरत नाहीं. वाट, दिवा आणि औषध तेथवर पोंचतात कीं नाहीं, यावर तें ठरतें.

आतां थोडें जगाकडे पाहूं. स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरांत सेंट किल्डा नांवाचीं बेटें आहेत. त्यांतील हिर्टा या बेटावर शतकानुशतकें लोकवस्ती होती. उभ्या कड्यांवर दोरानें उतरून समुद्रपक्षी आणि त्यांचीं अंडीं गोळा करावयाचीं, मेंढ्या पाळावयाच्या, थोडें धान्य पिकवावयाचें, असा त्यांचा जीवनक्रम. रोज सकाळीं गांवांतले पुरुष रस्त्यावर जमत आणि आज कोणतें काम करावयाचें हें सर्वानुमतें ठरवीत. पहिल्या महायुद्धानंतर तेथील तरुण एक एक करून बाहेर पडूं लागले. १९२० सालीं ७३ माणसें होतीं; दहा वर्षांनीं ३६ उरलीं. कड्यावर उतरावयास, होडी ओढावयास, म्हाताऱ्यांचें जळण वाहावयास हात पुरेनात. जानेवारी १९३० मध्यें एक तरुण स्त्री आजारानें दगावली, आणि मग लोकांनीं स्वतःच सरकारकडे अर्ज करून बेट सोडण्याची परवानगी मागितली. २९ ऑगस्ट १९३० रोजीं ते छत्तीस जण जहाजांत चढले. निघतांना त्यांनीं प्रत्येक घरांत बायबल उघडें ठेवलें आणि जवळ ओटचे मूठभर दाणे ठेवले, असें सांगतात.

याच्या उलट दुसरें उदाहरण आहे. दक्षिण अटलांटिकमध्यें ट्रिस्टन द कून्हा हें बेट आहे. तेथें विमान उतरत नाहीं; दक्षिण आफ्रिकेंतील केपटाऊनहून जहाजानें जावयास आठवडाभर लागतो. १९६१ सालीं तेथील ज्वालामुखी जागा झाला आणि सर्व म्हणजे २६४ माणसांना इंग्लंडांत नेण्यांत आलें. तेथें त्यांना घरें मिळालीं, कामें मिळालीं, विजेचे दिवे मिळाले. तरीहि परत जावें कीं नाहीं यावर मतें घेतलीं तेव्हां १४८ जणांनीं परत जाण्याचा कौल दिला. पांचच जण विरुद्ध गेले. १९६३ मध्यें बहुतेक मंडळी आपल्या बटाट्याच्या वाफ्यांकडे आणि मासेमारीकडे परतली. आजहि तेथें दोनशेंच्या वर माणसें राहतात.

ट्रिस्टन सेंट किल्डाहून किती तरी दूर. मग दूरचें बेट टिकलें आणि जवळचें कां मोडलें? मला याचें उत्तर असें दिसतें. बेटावरच्या संसाराला चार खांब असतात : गोडें पाणी, सांठवण, होडी आणि माणसांचे हात. पहिले तीन डळमळले तरी चौथ्याच्या जोरावर ते सांवरतां येतात. पण हातच गेले, तर विहीर भरलेली असून आणि होडी बांधलेली असून उपयोग होत नाहीं. ट्रिस्टनचे लोक सर्व मिळून गेले आणि बहुतेक मिळून परतले. शिवाय मासेमारीचा रोजगार त्यांची वाट पाहत होता. सेंट किल्डाचे लोक एक एक करून निसटले. उरलेल्यांवर ओझें वाढलें आणि त्या ओझ्याखालीं गांव बसलें.

हें वाचीत असतांना मला त्या आठ गड्यांची पुन्हां आठवण झाली. आमच्या त्या गांवच्या नाल्यावर पुढें अकरा वर्षांनीं पूल झाला. पूल झाला त्या वर्षीं आठांपैकीं तिघे कामधंद्यासाठीं गांव सोडून गेलेले होते. आज तेथें एकच आहे आणि तोहि माझ्याएवढा म्हातारा. पूल झाला नसता आणि आज एखादी बाई अडली असती, तर खाटेला हात कोणी लावला असता? तरुणांनीं गांव सोडलें म्हणून मी त्यांना दोष देत नाहीं. माझींहि मुलें नागपुरास आणि पुण्यास आहेत. मला इतकेंच म्हणावयाचें आहे कीं हात निघून जाण्यापूर्वीं पूल व्हावयास हवा. जुलै २०२२ च्या अतिवृष्टींत आपल्या जिल्ह्यांत, विशेषतः हिंगणघाटच्या बाजूस, गांवांचा संपर्क तुटला होता, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. पूर ओसरला कीं आपण तें विसरतों. भूगोलाच्या पुस्तकांत या गांवांची गणना बेटांत होत नाहीं. पण त्या चार दिवसांत तेथें राहणाऱ्याला विचारा.

सुटींत मुलांना घेऊन बेटें पाहावयास जाणाऱ्या पालकांना चार शब्द सांगतों. नदीच्या पात्रांत उतरण्यापूर्वीं गांवांतल्या जाणत्या माणसाला विचारावें. रेती उपसलेले खोल खड्डे वरून दिसत नाहींत, आणि उन्हाळ्यांतहि वरच्या धरणांतून पाणी सुटूं शकतें. समुद्रांतल्या बेटावर जातांना भरती-ओहोटीची वेळ नावाड्याकडून समजून घ्यावी आणि तो ‘निघा’ म्हणेल तेव्हां निघावें. पिण्याचें पाणी आपलें आपण न्यावें. विहिरीचें पाणी हात धुवावयास मागूं नये. आपण नेलेला कचरा आपणच परत आणावा, कारण तेथून प्रत्येक वस्तु होडीनेंच बाहेर न्यावी लागते. आणि किल्ला किंवा लेणें पाहून झाल्यावर एखाद्या ओसरीवर घटकाभर बसून, पावसाळ्यांत आपण काय करतां, एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा. त्या उत्तरांतून मुलें जें शिकतील तें मला इतक्या वर्षांत वर्गांत शिकवितां आलें नाहीं.

परत आल्यावर माझ्या नातवानें धामेचा तो जुना नकाशा काढला आणि त्यांत एक खूण वाढविली. बेटापासून कांठापर्यंत त्यानें दोन रेघा ओढल्या होत्या. मीं विचारलें, “हें काय?” तो म्हणाला, “आबाजी, हा पूल. बेटावर कोणी राहायला आलें तर?” मीं त्याला शाबासकी दिली आणि अंगणाच्या कडेला उभें असलेलें बांबूचें बेट दाखविलें. एकटा बांबू वाऱ्यानें वांकतो, मोडतो. पुष्कळ बांबू एकमेकांना धरून उभे राहतात, तेव्हां त्यांना आपण बेट म्हणतों. आपल्या पूर्वजांनीं या दोन्ही गोष्टींना एकच नांव कां दिलें असेल तें असो. पण बेटावरच्या संसाराचा अर्थ मला त्या जाळीकडे पाहूनच नीट कळला.